टोचणी आणि जाहीरनामा

अमेरिकेचे स्वातंत्र्य म्हटले की 4 जुलै 1776 ही तारीख आणि फिलाडेल्फिया हे शहर आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. त्याच महिन्यात बोस्टन शहरात एक आई आपल्या चार मुलांना देवी टोचून घेत होती, हे पाठ्यपुस्तकात येत नाही. ती अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स. तिचे पती जॉन अ‍ॅडम्स तेव्हा फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये स्वातंत्र्याची बाजू लढवीत होते. या दांपत्याची हजारांहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत.

गाईच्या देवीपासून केलेली जेन्नरची लस 1796 ची. त्यापूर्वी रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या कातडीला चीर देऊन आत घालीत. बहुधा देवी सौम्य येत. पण क्वचित जीवही जाई, आणि टोचलेल्यापासून साथ पसरण्याची भीती असे. म्हणून बोस्टनमध्ये टोचणीवर बंदी होती. जुलैच्या आरंभी ती उठताच अ‍ॅबिगेल ब्रेनट्रीहून मुलांसह तेथे गेली. 13 जुलैच्या पत्रात तिने पतीला कळविले, काल आम्ही सर्वांनी टोचून घेतले.

18 जुलैला बोस्टनच्या सरकारी इमारतीच्या सज्जातून जाहीरनामा वाचला गेला. गर्दीत अ‍ॅबिगेल होती. घंटा वाजल्या, तोफा झाल्या, राजचिन्हे उतरवून जाळली गेली. हे सारे तिने पतीला लिहिले. सोबत मुलांचा ताप आणि फोडही लिहिले. वारंवार टोचूनही सहा वर्षांच्या चार्ल्सला अखेर खऱ्या देवी आल्या. तो वाचला, सप्टेंबरात सारे घरी परतले.

पुढल्या वर्षी, जुलै 1777 मध्ये, तिला मृत मुलगी झाली. त्याच महिन्याच्या अखेरच्या पत्रात तिने बोस्टनची एक हकीकत कळविली. कॉफी दडवून ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला शंभरावर बायकांनी गाडीत टाकले, किल्ल्या घेतल्या आणि माल नेला. पुरुष थक्क होऊन पाहत राहिले.

देवीचे भय राजकारणाबाहेरचे नव्हते. वसाहतींच्या सैन्यातही या रोगाने हाहाकार केला होता. 1777 मध्ये वॉशिंग्टनने सैनिकांना टोचण्याचा हुकूम काढला. जो धोका सेनापतीने सैन्यासाठी पत्करला, तो एका आईने आदल्या वर्षीच चार लेकरांसाठी पत्करला होता.

जाहीरनाम्यावर छप्पन्न सह्या आहेत. त्यांत अ‍ॅबिगेलची नाही. तिची सही पत्रांखाली आहे. आपल्या घरच्या जुन्या ट्रंकेतली पत्रे रद्दीत घालण्यापूर्वी, वाचकहो, एकदा उलगडून पाहावीत.