प्रतीक्षेचा बाजारभाव : नांगर, स्कूटर आणि स्मार्टफोन

एखादा नवा स्मार्टफोन बाजारात येण्याच्या कितीतरी महिने आधी त्याविषयीचे बोलणे सुरू होते. तो कोणत्या दिवशी येईल, किती रुपयांना पडेल, १२८ जीबीचा घ्यावा की २५६ जीबीचा, जुना फोन देऊन किती सूट मिळेल, या प्रश्नांवर वस्तू डोळ्यांनी पाहण्यापूर्वीच तावातावाने वाद होतात. साहित्याच्या अभ्यासकाने या कोलाहलाकडे पाठ फिरवावी, असाच शिष्टसंकेत आहे. आम्हांला मात्र तो मान्य नाही. प्रतीक्षा हा आपल्या काव्यशास्त्राचा जुना विषय. विरहिणीपासून वारकऱ्यापर्यंत तिची अनेक रूपे आपण वर्गात शिकतो आणि शिकवतो. वस्तूच्या प्रतीक्षेलाही असाच इतिहास आहे. कोण कोणाची वाट पाहतो आणि त्या वाट पाहण्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे दोन प्रश्न विचारले की तो इतिहास उलगडू लागतो.

या तपासणीसाठी सातारा आणि सांगली हा प्रदेश आम्ही निवडला, त्याला कारण आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये संस्थानांच्या विलीनीकरणानंतर ‘दक्षिण सातारा’ या नावाने जन्मला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णेच्या या खोऱ्यात, पुणे-मिरज लोहमार्गाच्या आसपास, विसाव्या शतकात नांगर, कंदील, इंजिन आणि स्कूटर अशा वस्तू एकामागून एक तयार झाल्या. म्हणजे येथील माणसाने नव्या वस्तूची वाट ग्राहक म्हणूनही पाहिली आणि उत्पादक म्हणूनही.

पहिले उदाहरण लोखंडी नांगराचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेतील शिक्षकी सोडून बेळगावात आले. सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर, असा त्यांचा प्रवास झाला. बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर ओसाड जमीन देऊ केली. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे त्या स्थानकालाही वाडीचेच नाव मिळाले.

या नांगराची वाट कोणीही पाहत नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांत पक्का होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. प्रतीक्षा होती ती कारखानदाराच्या वाट्याला. वस्तू तयार होऊन पडून होती आणि गिऱ्हाइकाचा पत्ता नव्हता. शेतकऱ्याच्या या संशयाला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. कृष्णाकाठची काळी जमीन खोल नांगरायची तर तीन-चार बैलजोड्या लागत. एवढी जनावरे एका दावणीला क्वचितच असत. म्हणून सावडीने वा इर्जिकीने, चार घरांची जनावरे एकत्र करून नांगरट होई. नांगर बदलणे हा अशा वेळी एकट्याचा निर्णय राहत नाही. तो चार घरांचा होतो. शिवाय लाकडी नांगर गावच्या सुताराने बलुत्यावर घडवलेला आणि दुरुस्त केलेला असे. त्याच्या जागी रोख पैसे मोजून परक्या ठिकाणची वस्तू आणायची, म्हणजे गावातील एका जुन्या नात्याला धक्का लावायचा. शेतकरी ‘लोखंड विषारी आहे’ म्हणत होता तेव्हा हे सारे त्याच्या मनात कोठेतरी असणार, असे आम्हांस वाटते.

नांगरांचे निरनिराळे आकार असत आणि ते क्रमांकांनी ओळखले जात. आजच्या ‘पर्यायां’शी याचे बाह्य साम्य आहे, परंतु त्या क्रमांकामागे एक माप होते. जमीन हलकी की भारी, हरळी किती माजली आहे आणि बैल किती जोड्या, यावरून नांगर ठरे. भारी नांगर घेण्यात मिरवण्यासारखे काही असलेच तरी तो ओढायला बैल नसतील तर तो अंगणात पडून राही. गरज आणि आकारमान यांचा हिशेब शेतकऱ्याला स्वतःला मांडता येत होता, एवढे येथे नोंदवून ठेवू.

जिची वाट कोणी पाहत नाही त्या वस्तूची वाट पाहायला लावायची, तर त्यासाठी भाषा लागते. येथे साहित्याच्या विद्यार्थ्याचे काम सुरू होते. जानेवारी १९२० मध्ये शंकर वासुदेव किर्लोस्कर (१८९१-१९७५) यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले. लक्ष्मणरावांचे हे पुतणे मुळात चित्रकार होते, आणि ‘शंवाकि’ हे त्यांचे लघुरूप पुढे सर्वतोमुखी झाले. कारखान्याच्या मालाची आणि घडामोडींची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवणे, हा त्या पत्राचा मूळ हेतू. नावच ‘खबर’. परंतु निव्वळ मालाची खबर देऊन वाचक टिकत नाही, हे संपादकाने ओळखले. नांगर विकायचा तर नांगर वापरणारा माणूस आधी घडवावा लागतो. त्याला उद्योगाची गोडी, स्वच्छतेची सवय, रूढीविषयी शंका आणि वाचनाचा नाद लावावा लागतो. म्हणून मालाच्या वार्तेशेजारी उद्योजकांची चरित्रे आली, कथा आल्या, व्यंगचित्रे आली. १९२९ मध्ये मासिकाच्या नावातील ‘खबर’ गळाली आणि ‘किर्लोस्कर’ उरले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. या तिघांना मिळून वाचकांनी ‘किस्त्रीम’ म्हटले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे निबंध १९३० च्या दशकात ‘किर्लोस्कर’मधूनच महाराष्ट्रभर गेले.

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात ‘किर्लोस्कर’चे स्थान सर्वमान्य आहे, परंतु त्याचा उगम मालाच्या खबरीत आहे, ही गोष्ट आपण जरा संकोचानेच सांगतो. तो संकोच अनाठायी आहे. व्यापारी प्रतीक्षा निर्माण करण्याच्या खटपटीतून मराठी गद्याला सुटसुटीत, प्रसन्न आणि सामान्य वाचकाशी सलगी करणारे एक वळण लाभले. वस्तू विकली गेली, पण वाचकाच्या हाती नांगराखेरीज आणखी काही पडले. प्रतीक्षेच्या या पहिल्या पर्वाचा ताळेबंद असा आहे.

त्याच सुमारास कराडजवळ, औंध संस्थानच्याच हद्दीत, ओगलेबंधूंनी १९१६ मध्ये काचेचा कारखाना काढला. त्या जागेची ओगलेवाडी झाली. येथील ‘प्रभाकर’ कंदील, ओगल्यांच्या वडिलांच्या नावाचा, पुढे मराठी घराघरांत पोहोचला. कंदील ही वस्तू बाजाराला नवी नव्हती. परदेशी कंदील सर्रास मिळत. वाट पाहिली जात होती ती आपल्या कंदिलाची. स्वदेशीच्या चळवळीने ग्राहकाला एक नैतिक प्रतीक्षा शिकवली होती : वस्तू समोर असूनही न घेणे आणि आपली तयार होईपर्यंत थांबणे. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातून नांगर आणि तेलावर चालणारी इंजिने बाहेर पडू लागली, तीही याच वातावरणात. कूपर हे पुढे १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. कारखाना आणि सार्वजनिक जीवन यांची सांगड तेव्हा कशी होती, हे त्यावरून कळते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. स्वदेशी वस्तू तयार होऊ लागली, परंतु ती किती तयार व्हावी हे सरकार ठरवू लागले. १९७५ मध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांच्या भागीदारीतून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या साताऱ्यातील कारखान्यातून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडू लागली. ‘चेतक’ ही तिची अधिक दिमाखदार बहीण १९७२ पासून रस्त्यावर होतीच. दीडशे सीसीच्या आसपासच्या या दोन्ही गाड्या; चेतकला चार गिअर, प्रियाला तीन. पर्याय संपले. पर्यायांच्या या तुटपुंजेपणाची तक्रार करण्याइतकी फुरसत मात्र कोणाला नव्हती, कारण प्रश्न कोणती गाडी हा नसून केव्हा हा होता.

स्कूटरचे वितरण आणि विक्री १९६० च्या नियंत्रण आदेशाखाली होती. कारखान्याची उत्पादनक्षमता परवान्याने बांधलेली. अनामत भरायची, नोंदणी करायची आणि यादीत आपला क्रमांक येईपर्यंत थांबायचे. हे थांबणे दहा-दहा वर्षांपर्यंत लांबे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्यास मात्र लवकर गाडी मिळे. अधिकृत किंमत एक आणि बाजारातली दुसरी. क्रमांक लागताच गाडी ‘ऑन’ने विकून मोकळे होणारेही होते. वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरहून महाग, हा अर्थशास्त्राला चक्रावून टाकणारा प्रकार तेव्हा नित्याचा होता. लग्नाच्या बैठकीत मुलाच्या नोकरीबरोबर त्याच्या स्कूटरच्या नोंदणीचाही उल्लेख होई, असे त्या पिढीतील माणसे हसत सांगतात.

त्या हसण्याआड काय होते? मध्यमवर्गीय गृहस्थाच्या तारुण्याची ऐन दहा वर्षे. विवाहानंतर नोंदवलेली गाडी मूल शाळेत जाऊ लागल्यावर येई, आणि मग पुढे मूल उभे, मागे पत्नी, डिकीत भाजी, असा संसार तीवर बसे. वाट पाहण्याचा लाभ कोणाला झाला, हा आमचा प्रश्न येथे लावला तर उत्तर कडवट येते. लाभ झाला तो पहिला क्रमांक ज्याच्या ओळखीने लागला त्याला, दलालाला, आणि स्पर्धेवाचून माल खपणाऱ्या उत्पादकाला. तरीही या प्रतीक्षेत एक गोष्ट होती, ती आज नाही : रांग सर्वांना दिसत होती. तिच्यातील अन्याय डोळ्यांसमोर होता, म्हणून त्याविषयी चीडही होती. १९८० च्या दशकात परवाने सैल झाले, नवे कारखानदार आले, आणि ती रांग पाहतापाहता विरली. साताऱ्याच्या कारखान्यातील स्कूटरचे उत्पादनही या शतकाच्या पहिल्या दशकात थांबले.

आता स्मार्टफोन. पहिला आयफोन जून २००७ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला; ४ जीबीचा ४९९ डॉलरला, ८ जीबीचा ५९९ डॉलरला. अवघ्या दोन महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, ८ जीबीची किंमत ३९९ डॉलर झाली आणि ४ जीबीचा फोन बंद पडला. रात्रभर रांगेत उभे राहिलेल्यांनी आपल्या अधीरतेचे दोनशे डॉलर मोजले होते. भारतात त्याची पुढची आवृत्ती, आयफोन ३जी, २२ ऑगस्ट २००८ रोजी आली. ८ जीबी ३१,००० रुपयांना आणि १६ जीबी ३६,१०० रुपयांना. गंमत अशी की ज्या ‘३जी’च्या नावाने ती विकली गेली ती सेवा त्या दिवशी देशात सुरूच नव्हती, खाजगी कंपन्यांसाठी त्या लहरींचा लिलाव २०१० मध्ये झाला. सांगली-साताऱ्याचा ग्राहक म्हणजे वस्तू मिळाल्यानंतरही त्या वस्तूच्या नावाची वाट पाहत होता.

या किमतींतील ५,१०० रुपयांचा फरक आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. दोन्ही फोन दिसायला सारखे. नांगराचा फाळ झिजला तर बदलता येई, कंदिलाची काच फुटली तर नवी बसे, गाडीला दुसरे चाक जोडीला असे. आयफोनमध्ये बाहेरून मेमरी कार्ड घालण्याची सोय कधीच नव्हती, आणि अनेक महागड्या फोनांनी पुढे तोच कित्ता गिरवला. म्हणजे पुढील तीन-चार वर्षांत आपण किती छायाचित्रे काढू, किती लग्ने, किती बारशी, कोणाचे आवाज जपून ठेवू, याचा अंदाज खरेदीच्या दिवशीच करायचा आणि त्याचे पैसे आगाऊ मोजायचे. बैलजोड्या मोजता येत होत्या. आपल्या भावी आठवणी कशा मोजाव्यात? हे माप हाताशी नाही म्हणूनच ग्राहक भीतीपोटी एक पायरी वर चढतो, आणि ती पायरी मुद्दाम तशी बांधलेली असते. रांग नाहीशी झाली. तिची जागा हप्त्याने घेतली. पूर्वी दहा वर्षे थांबून मग वस्तू मिळे, आता वस्तू आधी मिळते आणि तिचे पैसे फिटेपर्यंत पुढची घोषणा झालेली असते.

या तिसऱ्या पर्वातील प्रतीक्षा हा उत्पादनाचाच भाग झाला आहे. कुंडलच्या माळावर वस्तू गिऱ्हाइकासाठी थांबली होती. साताऱ्याच्या यादीत गिऱ्हाईक वस्तूसाठी थांबले होते. आज गिऱ्हाइकाने सतत थांबलेले असावे, अशीच योजना आहे. मिळालेली वस्तू आणि हवी असलेली वस्तू यांत नेहमी एका आवृत्तीचे अंतर राहील, याची काळजी घेतली जाते.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. परवान्यांचे राज्य परत यावे, असे स्कूटरसाठी थांबलेला कोणीही म्हणणार नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. १९२० साली मालाची खबर देता देता एक मासिक घडले, आणि त्या मासिकाने वाचक घडवला. कारण तेव्हा विक्रेत्याला ग्राहकाच्या बुद्धीची गरज होती. त्याचा संशय दूर करायचा तर त्याच्याशी युक्तिवाद करणे भाग होते. आजच्या खबरीला, फुटलेल्या छायाचित्रांना आणि किमतींच्या अंदाजांना, वाचकाच्या बुद्धीशी काही कर्तव्य उरलेले नाही. त्याची अधीरता पुरेशी आहे. म्हणून या खबरीचे गद्यही आकड्यांचे आणि उद्गारांचे झाले आहे.

मराठी विभागांतून जाहिराती, मालाच्या याद्या, नोंदणीच्या पावत्या, हमीपत्रे यांना वाङ्मयीन साधने मानून कोणी अभ्यास करील, तर लोखंडी नांगराविषयी साशंक असणाऱ्या त्या शेतकऱ्याशी त्याची पुन्हा गाठ पडेल. त्याचा संशय चुकीच्या कारणावर उभा होता. पण ही वस्तू मला किती लागेल, ती ओढायला माझ्याकडे काय आहे, आणि ती आल्याने कोणते नाते तुटेल, हे त्याचे प्रश्न चुकीचे नव्हते. नव्या फोनच्या प्रतीक्षेत असणाऱ्या आपणां सर्वांना ते विचारता येतात, आणि त्यासाठी घोषणेच्या तारखेची वाट पाहावी लागत नाही.