शंभर अधिक वय

“शंभरांत वय मिळवावें, म्हणजे योग्य रक्तदाब निघतो,” हा हिशेब कित्येक वर्षें लोकांच्या तोंडीं होता. साठीच्या गृहस्थाचा दाब १६० भरला, तरी तो वयाला साजेसाच मानला जाई.

इ. स. १८९६ मध्यें इटलीच्या रिव्हा-रोची यानें दंडाला पट्टी बांधून पाऱ्यानें दाब मोजण्याचें सुटसुटीत यंत्र केलें. १९०५ मध्यें रशियाच्या कोरोत्कोव्ह यानें त्याला नाडीचा आवाज ऐकण्याची रीत जोडली. मोजमाप हातीं आलें, पण अर्थ चुकला. कठीण झालेल्या धमन्यांतून रक्त ढकलण्यासाठीं दाब वाढणें ही निसर्गाचीच योजना होय, तींत ढवळाढवळ करूं नये, असें नामांकित डॉक्टरही मानीत.

वस्तुतः महाधमनी तरुणपणीं रबराप्रमाणें ताणली जाऊन परत आखडते. वयाबरोबर ही लवचीकता घटते. त्यामुळें वरचा आंकडा चढत जातो आणि पन्नाशी-साठीनंतर खालचा उतरूं लागतो. हा चढ देहाला मानवत नाहीं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्यें १८६/१०८ होता. डिजिटॅलिस, अळणी आहार व विश्रांति यांपलीकडे डॉक्टरांपाशीं फारसें कांहीं नव्हतें. १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंत रक्तस्राव होऊन ते ६३ व्या वर्षीं निवर्तले. त्या दिवशीं दाब ३००/१९० भरला होता.

१९४८ मध्यें अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम गांवीं ५,२०९ स्त्रीपुरुषांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. दाबाबरोबर पक्षाघात व हृद्रोग यांचा धोका वाढतो आणि वृद्धही त्याला अपवाद नाहींत, हें तींतून दिसून आलें. औषधांची उणीवही भरून निघूं लागली. १९४९ मध्यें मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळीचे रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें मांडले, १९५२ मध्यें तिच्यांतून रेसर्पीन वेगळें काढण्यांत आलें.

तरीही म्हाताऱ्यांना औषध द्यावें कीं नाहीं, हा वाद उरलाच. १९९१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील प्रयोगांत साठीवरील ४,७३६ जणांचा केवळ वरचा आंकडा चढलेला होता. उपचार घेणाऱ्यांत पक्षाघात ३६ टक्क्यांनीं घटला. २००८ च्या दुसऱ्या प्रयोगांत ऐंशीपुढील ३,८४५ रुग्ण होते. तेथें मृत्यूही २१ टक्क्यांनीं कमी झाले.

मात्र वृद्धाची प्रकृति नाजूक असते. उभें राहतांच दाब उतरून भोंवळ येते, पडून हाड मोडतें. मूत्रपिंडेंही मंदावलेलीं असतात. म्हणून औषध थोड्या मात्रेनें सुरू करून सावकाश वाढवितात आणि दाब बसवून व उभें करून, असा दोनदां पाहतात. शंभरांत वय मिळविण्याचा हिशेब मात्र वैद्यकांतून कायमचा उठला आहे.