लोखंड जुनें, दांडा नवा

दुधनी हें अक्कलकोट तालुक्यांतील, सोलापूर-वाडी लोहमार्गावरचें, तुरीच्या बाजारामुळें ओळखलें जाणारें गांव. तिकडच्या शेतकऱ्याच्या कुऱ्हाडीचा दांडा मोडला, तर तो कुऱ्हाड टाकून देत नाहीं. नेढ्यांतला तुकडा ठोकून काढतो, बाभळीचा नवा दांडा तासून बसवतो आणि पाचर मारतो. घाव लोखंडाचा खरा. पण हाताला झिणझिण्या येणार कीं नाहींत, हें दांडा ठरवतो. गोल्फसारख्या साहेबी खेळाच्या इतिहासांतही हीच गोष्ट आढळते, हें ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल.

खेळ मूळचा स्कॉटलंडचा. कलकत्त्यास त्याचा क्लब १८२९ सालीं आणि मुंबईस १८४२ सालीं निघाला. म्हणजे आगगाडीच्याही आधीं हा पाहुणा येथें पोंचला होता. लोखंडी पात्याच्या काठीला 'आयर्न' म्हणतात. पात्याच्या वरच्या अंगास पोकळ नळी असते. तींत लांकडी दांडा ठोकून बसवीत आणि आडवी खीळ मारीत. आरंभीं ॲश, हेझल अशा तेथल्याच झाडांचे दांडे असत. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतून हिकरीचें चिवट व लवचीक लांकूड आलें, आणि बाकीचीं लांकडें मागें पडलीं.

परंतु एका झाडाचा दांडा दुसऱ्यासारखा नसतो. जोराच्या फटक्यांत तो नुसता लवत नाहीं, पिळतोही. पातें किंचित् तिरकें येतें आणि चेंडू भलतीकडे जातो. म्हणून जाणता खेळाडू अनेक दांडे हातीं तोलून त्यांतला एक घेई, आणि तो मोडला म्हणजे हळहळे. काठ्यांना तेव्हां क्रमांक नव्हते. क्लीक, मॅशी, निब्लिक अशीं नांवें होतीं.

अमेरिकेंतील आर्थर नाइट यानें पोलादी नळीच्या दांड्याचें पेटंट १९१० सालीं घेतलें. अमेरिकेच्या संघटनेनें पोलादास १९२४ सालीं मान्यता दिली. सेंट अँड्र्यूजच्या मंडळीनें मात्र १९२९ सालापर्यंत दार लावून ठेवलें होतें. याला नुसता हट्ट म्हणणें अन्यायाचें होईल. लहरी लांकडाशीं जमवून घेणें हेंही या खेळांतलें कसबच होतें. बॉबी जोन्सनें १९३० सालीं एकाच वर्षांत चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्या हिकरीच्या दांड्यांनींच. पण दुसऱ्याच वर्षीं बिली बर्क यानें अमेरिकेची खुली स्पर्धा पोलादी दांड्यांनीं जिंकली. उत्तम हिकरीचा तुटवडाही पोलादाच्या पथ्यावर पडला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असें आपण म्हणतों. येथें लोखंडच दांड्याच्या गोतास काळ झालें!

एकसारखे दांडे मिळूं लागतांच काठ्यांचे जुळलेले संच निघाले, आणि जुन्या नांवांची जागा क्रमांकांनीं घेतली. मात्र फटका पात्याच्या मध्यावर न बसल्यास त्याचा हिसका पोलादांतून थेट तळहाताला बसे. कांहीं कारखानदार पोलादावर तपकिरी वेष्टण चढवून त्याला लांकडाचें रूप देत. डोळ्याचें समाधान झालें. तळहाताचें कसें व्हावें?

ही तक्रार अद्याप मिटलेली नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत ग्रॅफाइटचे हलके दांडे आले. ते हिसका पुष्कळ शोषून घेतात. त्यामुळें हातास सरावलेलीं जुनीं पातीं न टाकतां त्यांना नवा दांडा घालण्याची रीत आहे. अलीकडच्या काळांतलीं पातीं बहुधा डिंकासारख्या पदार्थानें चिकटवलेलीं असतात; नळी तापवली कीं दांडा सुटतो. मग नळीचें भोंक सरळ आहे कीं निमुळतें, हें पाहावें लागतें. दांडा हलका घातला तर काठीचा तोल बदलतो, म्हणून लांबीचाही पुन्हा विचार करावा लागतो. उलटपक्षीं, हिकरीनेंच खेळण्याचा छंद असलेली मंडळी आजही आहे. सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्टुअर्टच्या भट्टींतलीं, चिलमीची खूण असलेलीं पातीं हे लोक शोधून आणतात आणि त्यांत पुन्हा हिकरीचाच दांडा बसवतात.