परवानगी आणि हक्क

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, असं आपण शाळेत शिकतो. आमच्या उमरग्याला ते लागू पडत नाही. उमरगा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात होतं. तिथली निजामी राजवट संपायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत रझाकार येतात, पोलीस ॲक्शन येते, सरदार पटेल येतात. मला मात्र या सगळ्यात एक साधा सरकारी कागद जास्त बोलका वाटतो.

त्याचं नाव 'गश्ती निशान ५३'. गश्ती म्हणजे परिपत्रक. जाहीर सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी घ्या, एवढंच त्याचं सार. खाजगी शाळा काढायलाही परवानगी लागे. १९३८ साली तर हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली! ती बंदी मोडून सत्याग्रह करणाऱ्यांत स्वामी रामानंद तीर्थ होते. आमच्याच भागातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे ते एकेकाळी मुख्याध्यापक. त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठात 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं, त्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते.

आता राज्यघटनेचं एकोणिसावं कलम काढून पहा. शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क नागरिकांना आहे, असं ते सांगते. बंधनं घालता येतात, पण ती कायद्याने आणि वाजवीच असायला हवीत. ती वाजवी आहेत का, हे तपासायला न्यायालय आहे. निजामी राज्यात 'मला का बोलू द्यावं' हे माणसाने सांगायचं होतं. घटनेत 'का बोलू नये' हे सरकारने सांगायचं आहे. दोन्हीकडे सभा तीच, माणसंही तीच. पण जाब कोणी द्यायचा हे उलटं झालं.

इथवर सगळं भाषणात बसतं. पुढचं बसत नाही.

पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांनी गावोगाव छळ केला, माणसं मारली. नंतर सूड म्हणून साध्या मुसलमान कुटुंबांवर हल्ले झाले. ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता असे लोकही त्यांत मारले गेले. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानभरातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे तिने नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आहे. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्या अहवालात आहे. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही.

म्हणजे आमच्या जिल्ह्यात एकाच वर्षात आधी एकाला संरक्षण नव्हतं, मग दुसऱ्याला. हे कळल्यावर चौदावं आणि एकविसावं कलम मी पुन्हा वाचलं. एकोणिसावं कलम 'नागरिक' म्हणते, ही दोन 'व्यक्ती' म्हणतात. कायद्यापुढची समानता आणि जीविताचं रक्षण मागताना तू कोणाच्या बाजूचा होतास, हे तिथे विचारलेलं नाही. ९ डिसेंबर १९४८ ला, म्हणजे आमच्याकडच्या जखमा ओल्या असताना, डॉ. आंबेडकर घटना समितीत बोलत होते. हक्क डावलला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येणं हा घटनेचा आत्मा आहे, असं त्यांनी सांगितलं.

गंमत म्हणजे त्या सभागृहात हैदराबादचा एकही प्रतिनिधी बसला नव्हता. जागा होत्या, पण त्या रिकाम्याच राहिल्या. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून घटना स्वीकारली आणि २६ जानेवारी १९५० ला हे हक्क उमरग्यात आले. ते लिहिताना आम्ही तिथे नव्हतो, आणि तरी सर्वांत जास्त गरज बहुधा आम्हालाच होती.

असो. त्या दिवसांत शेजाऱ्याला घरात लपवलेली माणसं आता फार उरली नसतील. तुमच्या घरात त्यांच्याबद्दल कोणाला काही आठवत असेल, तर विचारून लिहून ठेवा. १७ सप्टेंबरच्या भाषणात तेही यायला हवं.