थ्रेड : चार अंगुळांची सावली – गणेश दैवज्ञांच्या ग्रंथापासून जिओजेब्राच्या स्प्रेडशीटपर्यंत

पुणे–सातारा रस्त्यावरून भोरकडे जिथे फाटा फुटतो, ते कापूरहोळ इतिहासप्रेमींना ठाऊक आहे ते संभाजी महाराजांच्या दूधआई धाराऊ यांचे गाव म्हणून. या थ्रेडचा विषय मात्र त्या गावचा एक आकडा आहे : सुमारे ४ अंगुळे.

विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असताना, १२ अंगुळे उंचीच्या शंकूची माध्यान्हीची सावली जितकी पडते तिला जुन्या ज्योतिषग्रंथांत पलभा म्हणतात. ती अक्षांशावर ठरते. कापूरहोळचे अक्षांश सुमारे १८.३ अंश, म्हणून पलभा ४ अंगुळांना किंचित कमी. पंचांगकर्त्याला पलभा कळली की दिनमान आणि लग्न यांचे स्थानिक गणित हाती येई.

हे गणित महाराष्ट्रात दीर्घकाळ चालले ते कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वर. ग्रंथाचा आरंभकाळ शके १४४२, म्हणजे इ.स. १५२०. त्यांनी ज्या-कोज्यांना फाटा दिला आणि ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र कल्पून दिवसांची अवाढव्य संख्या आटोक्यात आणली. पुढे १५२५ मध्ये ‘तिथिचिंतामणी’त तर त्यांनी तिथिगणिताची कोष्टकेच दिली. बेरीज, वजाबाकी आणि त्रैराशिक येणाऱ्या जोशाला गावात बसून पंचांग करता येऊ लागले. ही लहान क्रांती नव्हे.

पण कोष्टकाची एक खोड असते. ते उत्तर देते, उत्तर आले कुठून ते सांगत नाही. गणेश दैवज्ञ स्वतः वेध घेणारे होते. त्यांच्यामागून आलेल्या बहुतेकांच्या हाती केवळ आकडे उरले आणि शतकांगणिक आकाश त्या आकड्यांपासून सरकत गेले. ग्रहणाची वेळ चुकली तरी चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे हे सांगणार कोण?

केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४), म्हणजे टिळकांचे गुरू केरूनाना, यांनी युरोपीय गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत रचली. ग्रंथ १८६० चा. १८६५ पासून त्यांच्या गणिताचे नवे पंचांग आबासाहेब पटवर्धनांच्या पाठिंब्याने निघू लागले व पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. त्यातून उठलेला वाद सणवार कोणत्या दिवशी करायचे इथपर्यंत पोहोचला. सामान्य माणसाला मात्र दोन्ही बाजूंचे आकडे सारखेच अगम्य होते. त्याने विश्वास ठेवायचा तो माणसावर, गणितावर नव्हे.

१९७९ मध्ये व्हिसिकॅल्क आले आणि कोष्टकाचा स्वभाव पालटला : एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आपोआप बदलू लागले. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग येथे सुरू केलेल्या जिओजेब्रात २००९ च्या ३.२ आवृत्तीपासून असे स्प्रेडशीट आकृतीच्या शेजारीच आले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने या सॉफ्टवेअरचे पाठही तयार केले आहेत.

आता त्यात कापूरहोळ मांडून पाहा. अक्षांशासाठी एक स्लायडर, किंमत १८.३ अंश. पहिल्या स्तंभात वर्षाचे दिवस १ ते ३६५. दुसऱ्यात सूर्याची क्रांती : २३.४५ गुणिले साइन (३६० × (२८४ + दिवस) ÷ ३६५). तिसऱ्यात सावली : १२ गुणिले टॅन (अक्षांश वजा क्रांती). पहिल्या ओळीतील सूत्रे खाली ओढली की वर्ष भरते. मग दिवस आणि सावली हे दोन स्तंभ निवडून बिंदूंची यादी करण्याची आज्ञा दिली की शेजारच्या आलेखात वक्र उमटतो. कोनाला अंशाचे चिन्ह द्यायचे राहिले तर सॉफ्टवेअर त्याला रेडियन समजते आणि वक्र वेडावाकडा उसळतो. इथे चूक निदान डोळ्यांना दिसते. छापील कोष्टकात ती निमूट बसून राहिली असती. अर्थात पहिल्या ओळीतली बारीक चूक ३६५ ओळींत उतरते, आणि क्रांतीचे हे सूत्रही स्थूलच आहे. त्यावर पंचांग काढू नये.

तरीही वक्र पुष्कळ सांगतो. डिसेंबरच्या अयनदिनी सावली पावणेअकरा अंगुळांच्या आसपास. मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस ती शून्य. त्या दोहोंमध्ये उत्तर ऋण येते, म्हणजे सावली दक्षिणेकडे पडते. २१ जूनच्या सुमारास जेमतेम अंगुळभर. कोणत्याही चौकटीवर टिचकी मारली की तिचे सूत्र समोर येते, आणि ते तपासायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

स्लायडर उज्जैनच्या २३.२ वर न्या. पलभा ५ अंगुळांच्या जरा पुढे सरकते आणि शून्य सावलीचे दोन्ही दिवस जूनच्या अयनदिनाच्या दोन बाजूंना अगदी जवळ येतात.