खड्डा न पडण्याचे श्रेय

रस्ता किंवा पूल बांधून झाला की फीत कापली जाते, कोनशिला बसते. पुढे वीस वर्षे तो ज्यांनी धड ठेवला त्यांच्यासाठी कोणी फीत कापत नाही. यात माणसांचा कोतेपणा असेलही, पण एक खरी अडचणही आहे. बांधकाम मोजता येते : इतके मैल, इतके ब्रास खडी. देखभाल उत्तम झाली, तर काहीच घडत नाही! मग कोणता ठेकेदार चांगला हे ठरवायचे कसे? सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील एका इंजिनिअरने या प्रश्नाला हात घातला, आणि त्याचे उत्तर रस्त्याच्या जाडीपर्यंत जाऊन पोचले.

पिएर त्रेझागे (१७१६-१७९६) हा १७६४ साली लिमोज प्रांताचा मुख्य इंजिनिअर झाला. त्या काळी फ्रान्समधील हमरस्ते वेठीने राखले जात. या वेठीला 'कोर्वे' म्हणत. वर्षातून दोनदा, वसंत ऋतूत आणि शरद ऋतूत, गावकऱ्यांनी आपापली जनावरे आणि गाड्या घेऊन रस्त्यावर हजर व्हायचे, ठरलेले दिवस भरायचे आणि परतायचे. मजुरी नाही. नांगर सोडून आलेला शेतकरी दगड कसे टाकत असेल, हे सांगायला नकोच.

दोन पाळ्यांमधल्या महिन्यांत काय होई पाहा. लोखंडी धावेच्या चाकांनी चाकोरी पडे. चाकोरीत पाणी साचे. ओली माती भार पेलत नाही, म्हणून चाकोरी आणखी खोल जाई, आणखी पाणी साचे. पुढची वेठ येईपर्यंत तिने तळ गाठू नये म्हणून रस्ता मुळातच १८ इंच जाड करावा लागे. म्हणजे ही जाडी गाड्यांच्या वजनामुळे नव्हती. ती दुरुस्तीच्या उशिरामुळे होती. त्रेझागेची खरी हुशारी हे ओळखण्यात आहे, असे मला वाटते. चाकोरी दिसताच बुजवली, तर १० इंच पुरतील, असा त्याचा हिशेब होता.

हा हिशेब अमलात आला तो तुर्गोमुळे. १७६१ ते १७७४ या काळात तुर्गो लिमोजचा प्रशासक होता. त्याने वेठीऐवजी पैशाच्या रूपाने कर घेतला आणि रस्त्यांची कामे ठेकेदारांना मोबदला देऊन करून घेतली. त्रेझागेने रस्त्याचा तळच मधे उंच, कडेला उतरता असा घेतला. त्यावर मोठे दगड हाताने उभे लावले, मग लहान दगड ठोकून बसवले आणि वर अक्रोडाएवढ्या कठीण खडीचा तीन इंचांचा थर दिला. १७७५ च्या आपल्या टिपणात त्याने लिहिले, की सतत निगा राखलेला असा रस्ता दहा वर्षांनीही पहिल्या दिवसाइतकाच चांगला राहतो. वेठीत भरलेले दिवस मोजत. आता मोजायची ती रस्त्याची स्थिती, आणि तीही कोणत्याही दिवशी.

त्याचा निकाल एका परक्या माणसाने दिला. इंग्रज शेतीतज्ज्ञ आर्थर यंग हा १७८७ साली लिमोजमार्गे गेला. एरवी टीकेला न कचरणाऱ्या या गृहस्थाला तिथले रस्ते फ्रान्समध्ये पाहिलेल्या इतर सर्व रस्त्यांहून सरस वाटले. ते वेठीने केलेले नाहीत याचेही त्याने कौतुक केले. श्रेय मात्र त्याने दिले तुर्गोला! पुढे खडीच्या रस्त्याला नाव चिकटले तेही त्रेझागेचे नव्हे, स्कॉटलंडच्या मॅकॅडमचे. आणि ज्या ठेकेदारांच्या माणसांनी वर्षभर चाकोऱ्या बुजवल्या ते तर दोघांच्याही मागे राहिले.

तुर्गोने १७७६ साली देशभरची वेठ रद्द केली, पण त्याच वर्षी तो पदावरून गेला आणि वेठ परत आली. तिच्या जागी पैशांचा कर आला तो १७८७ मध्ये. रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावर कायम राबणाऱ्या माणसाला फ्रेंचमध्ये 'कांतोनिए' म्हणतात. १८११ च्या नेपोलियनच्या फर्मानाने त्याला सरकारी चौकटीत जागा मिळाली. आपल्याकडचा मैलकुली तो हाच. खांद्यावर फावडे घेऊन आपल्या मैलातल्या मोऱ्या मोकळ्या करणारा मैलकुली वयस्क वाचकांनी पाहिला असेल.

सन २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावरच पुढील पाच वर्षांच्या देखभालीचीही जबाबदारी टाकली गेली. अशा रस्त्याच्या कडेला फलक असतो. त्यावरील ठेकेदाराचे नाव आणि काम पुरे झाल्याची तारीख मुलांना उतरवून घ्यायला सांगा. मग पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच रस्त्यावर जाऊन पाणी कुठे साचते, मोऱ्या वाहतात की तुंबतात आणि कडेची माती किती खचली आहे, याची नोंद करा. दोन रस्ते निवडले तर तुलनाही होईल. पुढच्या वर्षी नव्या वर्गाने जुनी वही घेऊन त्याच जागी जावे.