रविवारची सुटी कुणी मिळवली?

आमच्या गटातली एक ताई मुरबाडला ठेकेदाराकडे कामाला होती. एका रविवारी गेली नाही, तर सोमवारी ठेकेदार म्हणाला, "उद्यापासून येऊ नको." ताई आम्हाला म्हणाली, "चूक माझीच."

चूक कसली? ही सुटी लढून मिळाली आहे. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, आठवड्याची ठरलेली सुटी नसे. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या केल्या. 24 एप्रिल 1890 च्या सभेला दहा हजार कामगार जमले, आणि दोन कामगार बायाही तिथे बोलल्या. 10 जूनला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. 1891 च्या कायद्याने बायांचं काम दिवसाला 11 तासांवर आलं. 1948 च्या कारखाने कायद्यात 9 तास ठरले. त्या कायद्यात वर्षात 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजाही होती.

त्या दोघींनाही काम जाण्याची भीती असेलच. पण मागे दहा हजार माणसं होती. आपल्यामागे गट आहे. हजेरीचे दिवस वहीत लिहून ठेवा, आणि दाद मागायला एकट्या जाऊ नका.